विश्लेषण : टॉर्चचा सेल खरेच ‘९९०० एमएएच’चा असतो का? स्वस्त, पण सुरक्षित सेल कसा निवडाल?

जुन्नर-आंबेगावच्या बिबट्यांच्या पट्ट्यात रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी असो किंवा रात्री हरिश्चंद्रगड चढणारा ट्रेकर, दोघांच्याही हातात आता जुना तीन सेलचा लांबलचक टॉर्च क्वचितच दिसतो. त्याची जागा मुठीत मावणाऱ्या, शेताच्या दुसऱ्या टोकाचा बांध उजळून टाकणाऱ्या एलईडी टॉर्चने घेतली आहे. ही ताकद येते ती आतल्या अंगठ्याएवढ्या लिथियम-आयन सेलमधून. टॉर्च वर्षानुवर्षे टिकतो, सेल मात्र कधीतरी ‘बसतो’ आणि नवा घ्यायला गेले की गोंधळ सुरू होतो. आकार तोच, पण किंमत शंभर रुपयांपासून हजाराच्या पलीकडे. त्यातही स्वस्त सेलवर ९९०० लिहिलेले आणि महागड्यावर २६००. मग महागडा घ्यायचाच कशाला?

थोडक्यात उत्तर असे, की ९९०० लिहिलेला सेल फुकट मिळाला तरी टॉर्चमध्ये घालू नये. खिसा सांभाळायचा असेल, तर २६०० ते ३००० एमएएचचा, आतला सेल कोणत्या कंपनीचा हे सांगणारा आणि टॉर्चला लागणारा करंट देऊ शकणारा ‘प्रोटेक्टेड’ सेल शोधावा. त्यामागची कारणे समजून घेऊ. गावाकडे टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात, म्हणून या लेखात आतल्या वस्तूला सरसकट ‘सेल’ म्हटले आहे.

१८६५० म्हणजे काय?

सेलवरचा हा पाच अंकी आकडा म्हणजे त्याचे माप. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचा शून्य म्हणजे आकार दंडगोल. याच हिशेबाने २१७०० हा २१ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब, तर २६६५० त्याहून जाडजूड. लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली ती सोनीने, १९९१ मध्ये. ती ज्या संशोधनावर उभी आहे त्यासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १८६५० हा आकार पुढे लॅपटॉपमुळे घरोघरी पोहोचला. टेस्लाच्या पहिल्या मोटारीतही असेच हजारो सेल एकत्र जोडलेले होते.

हा सेल पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट देतो, वापरात सरासरी ३.६ ते ३.७ व्होल्टवर राहतो आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की जवळपास रिकामा झालेला असतो. घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतो तो पेन्सिल सेल फक्त १.५ व्होल्टचा असतो. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो. साध्या टॉर्चमध्ये किंवा खेळण्यात तो चुकून गेला, तर आतले सर्किट जळू शकते.

९९०० हा आकडा अशक्य का?

एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास. ३००० एमएएचचा सेल ३ अँपिअर करंट साधारण एक तास किंवा १ अँपिअर करंट तीन तास देऊ शकतो. पाण्याच्या टाकीत किती लिटर मावते, तसाच हा प्रकार. टाकीचे बाहेरचे माप ठरलेले असेल, तर आत मावणाऱ्या पाण्यालाही मर्यादा आली.

१८६५० च्या बाबतीत ही मर्यादा नीट ठाऊक आहे. पॅनासॉनिक-सान्योचा ‘जीए’, एलजीचा ‘एमजे१’, सॅमसंगचा ‘३५ई’ हे नावाजलेले सेल ३५०० एमएएचच्या आसपास आहेत. गेल्या काही वर्षांत काही कंपन्यांनी ४००० पर्यंत मजल मारली. त्यापुढचा प्रत्येक आकडा संशयास्पद समजावा आणि ५००० च्या पुढचा आकडा सरळ खोटा.

विश्वास बसत नसेल तर हिशेब करून पाहा. ३५०० एमएएच म्हणजे ३.५ अँपिअर-तास. त्याला ३.६ व्होल्टने गुणले की १२.६ वॉट-तास ऊर्जा. सेलचे वजन ४८ ग्रॅम धरले, तर किलोमागे सुमारे २६० वॉट-तास होतात. दर्जेदार लिथियम-आयन सेलची आजची पातळी हीच आहे. आता ९९०० घ्या. ९.९ गुणिले ३.७ म्हणजे सुमारे ३६.६ वॉट-तास, अर्थात किलोमागे ७६० च्या घरात. असा सेल खरोखर कोणी बनवला असता, तर तो सर्वात आधी विजेवरच्या मोटारींत गेला असता आणि त्या मोटारी एका चार्जमध्ये आजच्या जवळपास तिप्पट अंतर धावल्या असत्या. तो टॉर्चसोबत जोडीने, वर चार्जर मोफत, असा विकला गेला नसता.

मग अशा सेलच्या आत असते तरी काय? बहुतेक वेळा हजार-बाराशे एमएएचचा हलका सेल, कधी जुन्या लॅपटॉपमधून काढून नवे आवरण चढवलेला. मोठ्या डब्यात छोटा सेल बसवून उरलेल्या जागेत पावडर भरल्याचे प्रकारही असे सेल उघडून पाहणाऱ्यांनी दाखवले आहेत. असल्या कित्येक सेलच्या नावात ‘फायर’ हा शब्द असतो, यावर टॉर्चच्या शौकिनांमध्ये भरपूर विनोद चालतात.

‘प्रोटेक्टेड’ सेलमध्ये वेगळे काय असते?

त्याचे रसायन वेगळे नसते. साध्या सेलच्या ऋण टोकाला, म्हणजे सपाट बाजूला, नाण्यासारखा छोटा गोल सर्किट बोर्ड बसवलेला असतो. धन टोकापासून या बोर्डापर्यंत धातूची एक पातळ पट्टी सेलच्या अंगावरून खाली आणलेली असते आणि या सगळ्यावर प्लास्टिकचे आवरण. सेल बोटांत फिरवून पाहिला, तर एका बाजूला ही उभी पट्टी जाणवते. पट्टी जाणवत नसेल आणि लेबलवर ‘प्रोटेक्टेड’ लिहिलेले असेल, तर दुकानदाराला प्रश्न विचारायला हवा.

बोर्डाचे काम पहारेकऱ्याचे. सेलचे व्होल्टेज साधारण ४.२५ ते ४.३ च्या वर जाऊ लागले, तर तो चार्जिंग तोडतो. ते सुमारे २.५ च्या खाली उतरले, तर टॉर्चचा पुरवठा तोडतो. शॉर्टसर्किट झाले किंवा मर्यादेपेक्षा जास्त करंट ओढला गेला, तरी दार बंद.

यातला शेवटचा मुद्दा ताकदीच्या टॉर्चसाठी कळीचा आहे आणि दुकानात नेमका तोच कोणी सांगत नाही. अनेक स्वस्त बोर्डांवर ‘डीडब्ल्यू०१’ नावाची चिप आणि ‘८२०५’ नावाची मॉस्फेटची जोडी असते. ही चिप करंट थेट मोजत नाही. मॉस्फेटच्या जोडीवर पडणारे व्होल्टेज सुमारे ०.१५ व्होल्ट झाले की ती पुरवठा तोडते. जोडीचा रोध ५० मिलिओहम धरला, तर ओहमच्या नियमाने ही मर्यादा ३ अँपिअर येते. दोन जोड्या समांतर बसवल्या तर ६, तीन बसवल्या तर ९. म्हणजे बोर्डावर दोन-चार रुपये वाचवले, की सेल ‘प्रोटेक्टेड’ असूनही ताकदीचा टॉर्च पूर्ण उजेडावर टाकताच विझतो. ग्राहकाला वाटते टॉर्च बिघडला. प्रत्यक्षात पहारेकऱ्याने आपले काम केलेले असते, फक्त तो या घराला पुरणारा नसतो.

जाता जाता एक उपयोगी गोष्ट. बोर्डाने पुरवठा तोडलेला सेल मल्टिमीटरवर शून्य व्होल्ट किंवा त्याच्या आसपास दाखवतो आणि दुकानदार त्याला ‘डेड’ ठरवून नवा गळ्यात मारतो. पण असा सेल चार्जरमध्ये ठेवला, की बहुतेक वेळा पुन्हा जागा होतो. हे फक्त नुकत्याच बंद पडलेल्या प्रोटेक्टेड सेलबद्दल. बोर्ड नसलेला सेल महिनोन्‌महिने १ किंवा २ व्होल्टवर पडून असेल, तर त्याला जबरदस्तीने जिवंत करू नये. इतक्या खालच्या व्होल्टेजला आतले तांबे विरघळू लागते आणि पुढच्या चार्जिंगमध्ये तेच आतल्या आत शॉर्ट घडवू शकते.

धोका खरेच इतका मोठा आहे का?

चांगला सेल नीट वापरला तर नाही. पण बिघडलाच, तर इतर सेलसारखा नुसता पाझरत नाही. आतले तापमान साधारण १३० अंशांच्या पुढे गेले, की दोन्ही इलेक्ट्रोडना वेगळे ठेवणारा प्लास्टिकचा पडदा वितळू लागतो. मग उष्णतेतून आणखी उष्णता तयार होते आणि ज्वलनशील, विषारी वायू बाहेर पडतात. सेल मोकळ्यावर असेल तर जाळ होतो. ताकदीचे टॉर्च मात्र पाणी शिरू नये म्हणून रबरी कड्या लावून घट्ट बंद केलेले असतात. त्या धातूच्या नळीत वायू कोंडला, तर काय होऊ शकते हे सांगायला नको.

दोन किंवा अधिक सेल एकामागे एक घालायच्या टॉर्चमध्ये जोखीम आणखी वाढते. एक सेल नवा आणि एक जुना असेल, तर जुना आधी रिकामा होतो. नवा मात्र करंट ढकलतच राहतो आणि रिकाम्या सेलमधून उलट्या दिशेने चार्जिंग झाल्यासारखे होते. घरात पडलेला एक सेल आणि दुकानातून आणलेला एक, अशी जोडी लावायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. जुन्या कोरड्या सेलच्या टॉर्चमध्ये ती खपून गेली, लिथियममध्ये खपत नाही. अशा टॉर्चसाठी एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे, एकत्र घेतलेले प्रोटेक्टेड सेलच वापरावेत आणि चार्जही एकत्रच करावेत. नवीन टॉर्च घेणार असाल, तर मी तर म्हणेन, एकाच सेलवर चालणारा घ्या. हा सगळा प्रश्नच उरत नाही.

तिसरा धोका खिशातला. सुट्या सेलची दोन्ही टोके उघडी असतात. किल्ल्या किंवा नाणी त्यांना एकाच वेळी चिकटली, की शॉर्टसर्किट. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल विकत घेऊ नका आणि वापरू नका, असा इशारा दिला तो अशाच अपघातांमुळे. संरक्षक सर्किट नसणे हे त्यात दिलेले एक प्रमुख कारण होते. सॅमसंग, एलजी यांसारखे मोठे उत्पादकही आपले उघडे सेल ग्राहकांच्या हाती देण्यासाठी बनवलेले नाहीत, ते बॅटरी पॅक तयार करणाऱ्यांसाठी आहेत, असे स्पष्ट सांगतात. टॉर्चसाठी सुटा सेल घ्यावाच लागतो, म्हणून बोर्ड असलेला सेल हा सामान्य ग्राहकासाठी त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग.

तुमच्या टॉर्चला किती करंट लागतो?

हे कळल्याशिवाय सेल निवडता येत नाही. टॉर्चच्या माहितीपत्रकात दिले असेल तर उत्तमच. नसेल तर ढोबळ हिशेब असा करावा, की चांगला एलईडी टॉर्च एका वॉटला सुमारे १०० ल्युमेन उजेड देतो. १००० ल्युमेनसाठी १० वॉट. सेल ३.६ व्होल्टचा, म्हणजे सुमारे २.८ अँपिअर. एका सेलवर चालणारा ३००० ल्युमेनचा टॉर्च असेल, तर ३० वॉट, म्हणजे ८ अँपिअरच्या वर. यावर थोडा हात राखून १००० ल्युमेनच्या टॉर्चला निदान ५ अँपिअर आणि ३००० च्या टॉर्चला १० अँपिअर सलग देऊ शकणारा सेल हवा. लेबलवर किंवा माहितीत ‘सतत’ किती आणि ‘क्षणिक’ किती असे दोन आकडे असतील, तर सतत करंटचा आकडा धरावा.

या हिशेबाचा आणखी एक फायदा. ‘५०,००० ल्युमेन’ लिहिलेला आणि एका सेलवर चालणारा टॉर्च कोणी दाखवला, तर त्याला ५०० वॉट लागतील, म्हणजे जवळपास १४० अँपिअर. वेल्डिंगचे मशिन या आकड्यांवर चालते.

क्षमता आणि करंट यांत ओढाताण असते, हेही ध्यानात घ्यावे. पॅनासॉनिकचा ‘१८६५० बी’ हा प्रसिद्ध सेल ३४०० एमएएचचा, पण त्याची करंटची झेप ५ अँपिअरच्या आसपास थांबते. सॅमसंगचा ‘३०क्यू’ ३००० एमएएचचा, पण तो १५ अँपिअर देतो. सॅमसंगचाच ‘२५आर’ अवघा २५०० चा, तो २० अँपिअरपर्यंत जातो. त्यामुळे ताकदीच्या टॉर्चमध्ये कमी एमएएचचा सेल कित्येकदा जास्त उजेड देतो. आतला रोध हे त्याचे कारण. चांगल्या सेलचा रोध ४० मिलिओहम असेल, तर ३ अँपिअरला जेमतेम ०.१२ व्होल्ट वाया जातात. नकली सेलचा २०० मिलिओहम असेल, तर ०.६ व्होल्ट जातात आणि जवळपास २ वॉट उष्णता सेलच्या पोटातच तयार होते. टॉर्च पिवळट मिणमिणतो आणि सेल हाताला चटका देतो, तो यामुळे.

दहा-बारा अँपिअरच्या पुढे जाणारे काही टॉर्च मुद्दाम बोर्ड नसलेल्या सेलसाठी बनवलेले असतात. कमी व्होल्टेजला थांबण्याची सोय टॉर्चच्याच सर्किटमध्ये असते. तुमचा टॉर्च त्या जातीचा असेल, तर माहितीपत्रक सांगेल तेच घालावे. पण पाणी द्यायला, गड चढायला किंवा पहारा द्यायला अशा टॉर्चची गरज नसते, असे माझे मत.

लांबीकडे का पाहायचे?

बोर्ड, पट्टी आणि धन टोकावरची बोंडी मिळून प्रोटेक्टेड १८६५० ची लांबी ६५ वरून ६८ ते ७० मिलिमीटर होते. दोन्ही बाजूंना स्प्रिंग असलेल्या टॉर्चमध्ये तो सहज बसतो. आखूड नळीच्या टॉर्चमध्ये मात्र झाकण पूर्ण फिरत नाही. जोर लावून फिरवले, तर दबतो तो नेमका बोर्ड. खरेदीपूर्वी जुना सेल पट्टीने मोजून घ्यावा आणि तो सपाट टोकाचा आहे की बोंडीचा, हेही पाहावे. काही टॉर्चमध्ये सेल उलटा बसू नये म्हणून टोकाभोवती प्लास्टिकची कडी असते, तिथे सपाट टोकाचा सेल चिकटतच नाही.

पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही?

आधी एक कडू हिशेब. समजा ९९०० लिहिलेला सेल १२० रुपयांना मिळाला आणि त्यात प्रत्यक्ष १००० एमएएच आहेत. २६०० एमएएचचा प्रामाणिक प्रोटेक्टेड सेल ५०० रुपयांना आहे. दर हजार एमएएचला पहिला १२० रुपयांचा, दुसरा १९० चा. म्हणजे कागदावर नकलीच स्वस्त ठरतो. लोक तो घेतात ते काही अगदीच अडाणीपणाने नाही. पण १००० एमएएचच्या सेलमधून ३ अँपिअर ओढायचे म्हणजे तो २० मिनिटांत रिकामा करायचा. एवढा ताण तो पेलत नाही, दर आठवड्याला आणखी खचतो आणि त्यात पहारेकरी नसतो. चांगला सेल सांभाळून वापरला, तर तीनशे ते पाचशे वेळा चार्ज होतो. ३०० धरले, तरी ५०० रुपयांच्या सेलचा एका चार्जिंगमागे खर्च दोन रुपयांहून कमी येतो.

बचतीची खरी जागा वेगळी आहे. ३५०० चा हट्ट सोडला आणि २६०० ते ३००० वर समाधान मानले, की किंमत बऱ्यापैकी उतरते. प्रत्यक्ष फरक किती पडतो पाहा. २६०० एमएएच म्हणजे सुमारे ९.४ वॉट-तास. ३०० ल्युमेनवर, म्हणजे ३ वॉटवर, हा सेल तीन तास चालतो. बांधावरून चालायला, पायाखालची घोणस दिसायला ३०० ल्युमेन पुष्कळ झाले. पूर्ण १००० ल्युमेनवर तोच सेल तासाभरात संपतो. म्हणजे मोठा सेल घेण्यापेक्षा मधल्या उजेडावर वापर आणि खिशात प्लास्टिकच्या डबीत दुसरा सेल, ही जोडगोळी रात्र काढायला जास्त उपयोगाची.

दुसरी बचत नावाची. फेनिक्स, नाइटकोर यांसारख्या टॉर्च कंपन्या स्वतःच्या नावाने प्रोटेक्टेड सेल विकतात. ते चांगले असतात, पण नावाचे पैसे द्यावे लागतात. कीपपॉवरसारख्या काही कंपन्या मोठ्या उत्पादकांचे सेल घेऊन त्यावर बोर्ड बसवतात. आतला सेल कोणाचा, सतत करंट किती आणि लांबी किती हे जो विक्रेता लिहून देतो, त्याच्याकडे जावे. जो ‘ओरिजिनल जपान’ एवढेच सांगतो, त्याच्याकडे जाऊ नये. सेलवरच यूएसबी-सीचे भोक असलेले प्रकार प्रवासात सोयीचे असतात, मात्र ते आणखी लांब असतात आणि चार्जर घरात असेल तर त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीत जुन्या लॅपटॉपचे सेल अगदी कवडीमोलाने मिळतात. प्रकल्प करणाऱ्या इंजिनीअरिंगच्या मुलांचा तो लाडका माल. टॉर्चसाठी तो नको. लॅपटॉपमध्ये पहारेकरी पॅकच्या मुख्य बोर्डावर बसलेला असतो, सुट्या सेलवर नाही. शिवाय हे सेल कमी करंटसाठी बनवलेले आणि आधीच काही वर्षे झिजलेले असतात.

खरा-खोटा घरी ओळखता येतो?

बऱ्याच अंशी येतो. पहिली चाचणी तराजूची. खरा १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर तो ३० ग्रॅम भरला, तर पुढे तपासायची गरज नाही. वजन बरोबर आले म्हणजे सेल खरा असे मात्र नाही, पावडरची गोष्ट वर आलीच आहे.

दुसरी चाचणी घड्याळाची, आणि ती जास्त भरवशाची. चार्जरवर त्याचा करंट लिहिलेला असतो. तो ०.५ अँपिअर असेल, तर पूर्ण रिकामा झालेला २६०० चा सेल भरायला पाच तासांहून अधिक लागायलाच हवेत. ९९०० चा असता, तर वीस तास लागले असते. तो दोन तासांत हिरवा दिवा दाखवत असेल, तर आत हजारच्या आसपास काय ते आहे. ऑनलाइन घेतलेला सेल परत करण्याची मुदत संपण्याआधी ही चाचणी उरकावी.

तिसरे, भारतीय मानक ब्युरोची नोंदणी. उपकरणांत वापरायच्या लिथियम सेलना आपल्याकडे ‘आयएस १६०४६ भाग २’ या मानकाखाली सक्तीची नोंदणी लागते. सेलवर किंवा वेष्टनावर ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला, की कंपनीचे नाव आणि वस्तू दिसते. दिसणारी वस्तू सेल नसून दुसरेच काही असेल, तर क्रमांक उसना घेतलेला आहे असे समजावे.

चार्जरचे काय?

सेल चांगला आणि चार्जर टॉर्चसोबत फुकट आलेला, ही जोडी घातक. चार्जिंग ४.२ व्होल्टला थांबलेच पाहिजे. साधा मल्टिमीटर घेऊन, चार्जिंग झाल्या झाल्या सेल मोजावा. ४.१५ ते ४.२० असेल तर ठीक. ४.२५ च्या वर दिसला, तर सेलवरचा बोर्ड रोज शेवटच्या क्षणी बचाव करतो आहे. असा चार्जर त्याच दिवशी बाद करावा. प्रत्येक खाचेला वेगळा दिवा असलेला, म्हणजे प्रत्येक सेल स्वतंत्र चार्ज करणारा चार्जर घ्यावा. अंथरुणावर किंवा गवताच्या गंजीजवळ चार्जिंग नको, फरशीवर असावे. सेल चार्ज होताना कोमट झाला तर चालते. हात ठेववत नसेल इतका तापला, तर काढून घराबाहेर मोकळ्यावर ठेवावा.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात मोटारीच्या डॅशबोर्डवर टॉर्च विसरणे सेलचे आयुष्य झपाट्याने घटवते. महिनोन्‌महिने वापर नसेल, तर सेल टॉर्चमधून काढून अर्धवट चार्ज करून सावलीत ठेवावा. आवरण फाटले असेल, विशेषतः धन टोकाजवळ, तर वापर लगेच थांबवावा. सेलचा संपूर्ण धातूचा डबा हा ऋण ध्रुव असतो आणि धन टोक त्यापासून मिलिमीटरभरच लांब असते.

बाद सेल घंटागाडीत टाकू नये. कचरा दाबणाऱ्या गाडीत तो चिरडला, तर आग लागू शकते. भंगारातही तेच. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. अनेक शहरांत ई-कचरा संकलन केंद्रांवर त्या घेतल्या जातात. देण्यापूर्वी दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि टोके मोकळी असलेले सेल एका पिशवीत एकत्र भरू नयेत.